टाटा एसचे चारही शॉकअप बदलले: खर्च, काम आणि सोळा महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

टोमॅटोच्या गाडीत सर्वाधिक मार कोणत्या क्रेटला बसतो, हे बाजार समितीच्या आवारात माल उतरवताना लगेच कळते. हौद्याच्या मागच्या टोकाला, मागच्या एक्सलच्याही पलीकडे आणि वरच्या थरात ठेवलेला क्रेट सर्वाधिक उडतो आणि त्यातला माल सर्वांत आधी फुटतो. २०२४ च्या उन्हाळी हंगामात आमच्या गाडीतून नारायणगावच्या बाजारात उतरवलेल्या ३५ क्रेटपैकी रोज चार-पाच क्रेट मला पुन्हा निवडून घ्यावे लागत होते. माल सकाळीच तोडलेला आणि नीट भरलेला असे. तोडणारी माणसे जुनी होती आणि रस्ताही नेहमीचाच होता, म्हणजे दोष गाडीत होता. ही गाडी म्हणजे २०१४ ची टाटा एस, आपल्याकडे जिला सर्रास छोटा हत्ती म्हणतात ती. आम्ही ती वापरलेली विकत घेतली असून ओतूरच्या बाजूच्या मळ्यातून कांदा, टोमॅटो, खत आणि चारा अशी सगळी वाहतूक तिच्यावरच चालते.

१ जून २०२४ रोजी या गाडीला गॅब्रिएल कंपनीचे चार नवे साधे, म्हणजे गॅस नसलेले, तेलाचे शॉकअप बसवले. त्यानंतर ऑक्टोबर २०२५ पर्यंत गाडी सुमारे १९,००० किलोमीटर चालली. त्यात दोन हंगामांचा टोमॅटो, एका उन्हाळ्याचा कांदा आणि रोजचा तीन किलोमीटरचा मळ्यातला कच्चा रस्ता आला. हा अभिप्राय त्या चार शॉकअपविषयी, ते जिथून घेतले त्या दुकानाविषयी आणि ज्या गॅरेजमध्ये काम झाले त्या गॅरेजविषयी आहे. सगळा खर्च मी स्वतः केला आहे. मी शेतकरी आहे, मेकॅनिक नाही, परंतु काम होत असताना दिवसभर गाडीजवळ उभा होतो आणि पुढची तपासणी स्वतःच्या हाताने करत आलो आहे.

शॉकअप नेमके काय करतो, याबद्दल आमच्या भागातील गाडीमालकांमध्ये एक मोठा गैरसमज आहे आणि तो खर्चात पाडणारा आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. गाडीवरचे वजन शॉकअप पेलत नाही, ते पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा पेलतात. खड्ड्यात चाक गेल्यावर पाटा वाकतो, पुन्हा वर येतो, आणि त्याला आवरणारे काही नसेल तर तो तसाच वरखाली हलत राहतो. हा हेलकावा मोडण्याचे काम शॉकअपचे आहे. त्याच्या आतल्या नळीत तेल असते आणि रॉडच्या टोकाला बसवलेला पिस्टन त्या तेलातून सरकतो. पिस्टनमधल्या आणि तळाच्या झडपांच्या बारीक छिद्रांतून तेलाला जावे लागते, त्यामुळे हालचालीला अडथळा होतो आणि हालचालीची शक्ती उष्णतेत बदलते. दाबला जाताना शॉकअप तुलनेने हलका आणि ओढला जाताना जड असतो, कारण दाबलेल्या पाट्याची परतीची उसळी रोखणे हेच त्याचे मुख्य काम आहे. शॉकअप निकामी झाला तरी गाडी खाली बसत नाही, ती उड्या मारते. गाडी वजनाने खाली बसत असेल, तर दोष पाट्यात किंवा आपण भरलेल्या मालात असतो.

टाटा एसच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. २००५ मध्ये बाजारात आलेल्या या गाडीला समोर अखंड एक्सल आणि पॅराबोलिक पाटे (टोकांकडे पातळ होत जाणाऱ्या मोजक्या पानांचे), तर मागे नेहमीचे एकावर एक रचलेले पाटे आहेत. मागच्या पाट्यांमध्ये पाने एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणामुळे हेलकावा थोडाफार आपोआप कमी होतो. समोरच्या पॅराबोलिक पाट्यांची पाने एकमेकांना जवळजवळ फक्त टोकांना आणि मध्यावर टेकतात, त्यामुळे तिथे हे घर्षण फार कमी असते आणि हेलकावा आवरण्याचे सगळे काम शॉकअपवर येते. म्हणूनच समोरचे शॉकअप गेले की स्टिअरिंगवर ते लगेच जाणवते, पण मागचे गेले आहेत हे चालकाला बरेच दिवस कळत नाही. ते आधी मालाला कळते. आमच्याकडे नेमके हेच झाले होते.

गाडीचा कोपरा हाताने दाबून सोडायचा आणि ती किती वेळा हलते ते पाहायचे, ही तपासणी सगळेच सांगतात. मोटारगाडीसाठी ती ठीक असेल, परंतु पाट्यांच्या रिकाम्या मालवाहू गाडीवर तिचा फारसा उपयोग होत नाही, कारण पाटे इतके कडक असतात की माणसाच्या वजनाने ते नीट दबतच नाहीत आणि मागच्या पाट्यांचे घर्षण खराब शॉकअपलाही झाकून टाकते. मला जी तपासणी उपयोगी पडली ती अशी. कच्च्या रस्त्यावरून सात-आठ किलोमीटर गाडी चालवून थांबवली, सायलेन्सरपासून हात दूर ठेवून चारही शॉकअपच्या खालच्या भागाला जपून हात लावून पाहिला. काम करणारा शॉकअप कोमट ते गरम लागतो, कारण आतले तेल तापलेले असते. आमचा मागचा डावा शॉकअप चेसिसइतकाच गार होता आणि उजवा किंचित कोमट होता. समोरच्या दोन्हींच्या अंगावर तेल ओघळून त्यावर मातीचा थर बसला होता. रॉडजवळ तेलाचा हलकासा ओलावा दिसणे वेगळे आणि तेल ओघळून खालपर्यंत येणे वेगळे. पहिल्याने घाबरण्याचे कारण नाही, दुसरे दिसले की तो शॉकअप गेला असे समजावे. चौथी खूण टायरवर होती. समोरच्या टायरवर हात फिरवला की गुंडीसारखे उंचसखल भाग लागत होते. चाक रस्त्याला सतत टेकून न राहता टप्पे घेत चालते, तेव्हा टायर असा जागोजागी झिजतो. या टायरची भरपाई कोणताही शॉकअप नंतर करू शकत नाही, त्यामुळे ही खूण दिसेपर्यंत थांबू नये.

गैरसमजाचा फटका मला इथेच बसणार होता. पहिल्या मिस्त्रींनी गाडी पाहून सांगितले, "दादा, मागं एक पाटा वाढवून घ्या, शॉकअपचं सोडा." सल्ला देताना त्यांचा हेतू वाईट नव्हता, कारण त्यांच्याकडे येणारे बहुतेक लोक गाडी बसते अशी तक्रार घेऊन येतात. परंतु पाटा वाढवला असता तर गाडी आणखी कडक झाली असती, प्रत्येक परतीची उसळी आणखी जोरात आली असती आणि आधीच निकामी झालेल्या शॉकअपला ती रोखता आली नसती. ज्याला टोमॅटो, द्राक्षे किंवा अंडी न्यायची आहेत, त्याने नुसता पाटा वाढवून घेणे म्हणजे मालाचे नुकसान पैसे देऊन वाढवणे आहे.

याआधी एकदा स्वस्तातला मार्गही मी करून पाहिला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये मी शॉकअप भरून घेतले, म्हणजे जुने शॉकअप उघडून त्यात नवे सील आणि तेल घालून, पुन्हा बंद करून बसवले. एका शॉकअपचे ३५० रुपये, चारांचे १,४०० आणि बसवण्याची मजुरी ६०० असे एकूण २,००० रुपये गेले. पहिले तीन आठवडे गाडी खरोखर चांगली चालली. त्यानंतर समोरचा उजवा गळू लागला आणि साडेचार महिन्यांत चारांपैकी तीन पुन्हा होते तसे झाले. ज्यांनी ते भरून दिले त्यांनी दोन वेळा पुन्हा पाहतो म्हणून सांगितले, पण पाहिले नाही. यात त्यांचा दोष किती आणि या पद्धतीचाच किती, याचा मी नंतर बराच विचार केला आणि माझ्या मते पद्धतीचा दोष जास्त आहे. शॉकअपच्या रॉडवर क्रोमचा मुलामा असतो. त्याला दगड-माती लागून बारीक खड्डे पडले की कितीही नवे सील घातले तरी रॉडच्या प्रत्येक फेरीत ते खरवडले जाते. झिजलेल्या झडपा तशाच राहतात. तेल किती पातळ असावे हे झडपांच्या छिद्रांवर ठरते, आणि तिथे हाताशी असेल ते तेल घातले जाते. म्हणून भरलेला शॉकअप नव्यासारखा दिसतो, पण नव्यासारखा वागत नाही. सोळा महिन्यांनंतर हिशेब मांडला तेव्हा स्पष्ट झाले की त्या २,००० रुपयांचा खर्च दरमहा सुमारे ४४४ रुपये पडला होता, तर खाली दिलेल्या नव्या शॉकअपचा मजुरीसह खर्च आजपर्यंत दरमहा सुमारे ३३१ रुपये पडला आहे आणि ते अजून चालू आहेत.

मे २०२४ च्या अखेरीस मी तीन ठिकाणी भाव काढले. टाटाचे मूळ भाग विकणाऱ्या दुकानात चार शॉकअपचे सुमारे ६,४०० रुपये सांगितले. आळेफाट्याच्या बाजूला असलेल्या सुट्या भागांच्या एका मोठ्या दुकानात गॅब्रिएलची समोरची जोडी २,१६० आणि मागची २,३४०, म्हणजे एकूण ४,५०० रुपये लागले. त्याच रस्त्यावर दुसरीकडे कोणतेही नाव नसलेले चार शॉकअप २,६०० रुपयांत मिळत होते. बिननावाचे मी हातात घेऊन पाहिले. रॉड डोळ्यांना दिसेल इतका बारीक होता, वेल्डिंग जागोजागी फुगलेले होते आणि खोक्यावर गाडीचे नाव सोडले तर भागाचा क्रमांक, उत्पादनाचा महिना, कमाल किंमत असे काहीच छापलेले नव्हते. तिथे पैसे घालवण्याचा प्रश्नच नव्हता.

मूळ भाग आणि गॅब्रिएल यांत १,९०० रुपयांचा फरक होता. गॅब्रिएल हे काही नवे नाव नाही. १९६१ मध्ये स्थापन झालेली, मुंबईत मुलुंडला पहिला कारखाना काढलेली आणि आज आपल्याच पुणे जिल्ह्यात चाकणला मोठा कारखाना असलेली ही कंपनी वाहन उत्पादकांना थेट शॉकअप पुरवते आणि सुट्या बाजारातही विकते. ज्या भागाचे काम कारखान्यात ठरलेल्या मापाने झालेले आहे, तो केवळ वेगळ्या खोक्यात आहे म्हणून कमी प्रतीचा मानण्याचे मला कारण दिसले नाही. ज्यांची गाडी अजून वॉरंटीत आहे त्यांनी मात्र मूळ भागच अधिकृत ठिकाणी बसवून घ्यावेत, दहा वर्षे जुन्या गाडीला तो नियम लागू पडत नाही.

गॅसचे शॉकअप घ्यावेत का, हा प्रश्न दुकानात मला दोन वेळा विचारला गेला. सतत जोरात हलणाऱ्या साध्या शॉकअपमध्ये तेलाला फेस येतो आणि फेस आलेले तेल झडपांतून सहज निसटते, त्यामुळे लांबच्या खराब रस्त्यावर शॉकअप काही काळ ढिला पडतो. गॅसच्या प्रकारात कमी दाबाचा नायट्रोजन भरलेला असल्याने फेस कमी होतो. माझी गाडी एका फेरीत जास्तीत जास्त पाऊण-एक तास चालते आणि तीही मध्यम वेगाने, त्यामुळे मला त्याची गरज वाटली नाही. जो रोज नारायणगावहून नवी मुंबईतल्या वाशीच्या बाजाराला माल घेऊन जातो, त्याने गॅसच्या शॉकअपचा विचार जरूर करावा.

दुकानाची सेवा एकंदर चांगली होती. गाडीचे वर्ष आणि मॉडेल विचारून, जुन्या शॉकअपची लांबी आणि दोन्ही टोकांची जोडणी ताडून पाहूनच त्यांनी माल दिला, पक्के बिल दिले आणि खोके उघडून दाखवण्यास कुरकुर केली नाही. दोन उणिवा मात्र राहिल्या. नट आणि वॉशर वेगळे घ्यावे लागतील, हे त्यांनी सांगितले नाही, त्यामुळे काम सुरू झाल्यावर एका माणसाला परत पाठवावे लागले. दुसरे म्हणजे, पाट्यांच्या शॅकलचे बुश, म्हणजे पाट्याचे टोक चेसिसला जोडणाऱ्या कडीतले रबर, याच वेळी बदलावेत, हा सल्ला त्यांच्याकडून यायला हवा होता, तो गॅरेजमध्ये मिळाला. ज्यांना आता खरेदी करायची आहे त्यांच्यासाठी एक चांगली बाब अशी की, २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी लागू झाला आहे. मी खरेदी केली तेव्हा शॉकअपवर २८ टक्के कर होता. त्यामुळे जुन्या दराचा जुना साठा दाखवून कुणी जुनाच भाव सांगत असेल, तर बिलावर कराचा दर नीट पाहावा.

बसवण्याच्या कामाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण पैसे वाचण्याची खरी जागा तिथे आहे. समोर कॉइल स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या गाड्यांमध्ये, उदाहरणार्थ मारुतीच्या सुपर कॅरीमध्ये, स्प्रिंग दाबून धरणारे खास साधन लागते आणि ते काम माहीत नसलेल्या माणसाने घरी अजिबात करू नये, कारण सुटलेली स्प्रिंग जीव घेऊ शकते. टाटा एसमध्ये चारही बाजूंना पाटे वेगळे आणि शॉकअप वेगळे आहेत. वरचा आणि खालचा नट सोडवला की शॉकअप हातात येतो. हाताशी चांगले रिंग पाने, जॅक, दोन मजबूत घोड्या (उचललेली गाडी टेकवण्याचे स्टँड) आणि एक जाणकार माणूस असेल तर हे काम मळ्यातसुद्धा होऊ शकते. आमच्याकडे घोड्या नव्हत्या आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणालाही जाऊ देण्यास मी तयार नव्हतो, म्हणून गॅरेजचा मार्ग घेतला. विटा किंवा लाकडी ओंडके लावून गाडीखाली शिरणारे लोक मी पाहिले आहेत. ८०० रुपये मजुरी वाचवण्यासाठी तसा धोका कुणीही घेऊ नये, असे मी कळकळीने सांगतो.

मी आदल्या संध्याकाळी आठही नटांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवले होते आणि त्याचा चांगला उपयोग झाला. सात नट पान्यानेच सुटले. मागच्या डाव्या बाजूचा खालचा नट मात्र शेणखत आणि पावसाचे पाणी लागून इतका गंजला होता की तो कापावा लागला. शेतीच्या गाडीत हा खालचा नट नेहमीच सर्वात आधी अडकतो. खत आणि रासायनिक खताच्या गोण्या उतरवल्यावर हौद्याखालचा भाग साध्या पाण्याने धुवून काढण्याची सवय आम्ही त्यानंतर लावून घेतली आहे.

गॅरेजच्या मिस्त्रींनी चेसिसखाली घोड्या लावल्या आणि एक्सलला जॅकचा आधार ठेवला. शॉकअप काढल्यावर एक्सल खाली लोंबकळला तर ब्रेकचा होज, म्हणजे ब्रेकच्या तेलाची नळी, ताणला जातो, म्हणून हा आधार आवश्यक असतो. नवे शॉकअप त्यांनी थेट बसवले नाहीत. प्रत्येक शॉकअप उभा धरून, रॉड पूर्ण ओढून आणि पूर्ण दाबून चार-पाच वेळा चालवला. खोक्यात आडवे पडून राहिल्याने आतल्या नळीत हवा शिरलेली असते. ती या हालचालीने वर निघून जाते आणि मगच शॉकअप पहिल्या क्षणापासून नीट काम करतो. पहिल्या दोन फेऱ्यांत रॉड मध्येच सैल जात होता आणि चौथ्या फेरीत तो सगळीकडे सारखा जड झाला, हे मी स्वतः हाताने करून पाहिले. काढलेले जुने शॉकअप शेजारी ठेवून त्यांचीही तशीच तपासणी केली. मागच्या डाव्याचा रॉड एका बोटाने आत गेला आणि बाहेर ओढताना काहीच अडथळा आला नाही. तो शॉकअप म्हणजे आता लोखंडाचा नुसता तुकडाच होता.

शेवटची आणि बहुतेक ठिकाणी वगळली जाणारी गोष्ट म्हणजे नट कधी आवळायचे. गाडी वर उचललेली असताना पाटा खाली लोंबलेला असतो. त्या स्थितीत रबर बुश घट्ट आवळला, तर गाडी खाली ठेवल्यावर तो पीळ पडलेल्या अवस्थेतच राहतो आणि लवकर फाटतो. म्हणून नट आधी हाताने बसवून, गाडी चाकांवर उभी करून, तिचे वजन पाट्यांवर आल्यानंतर अखेरचे आवळायचे असतात. इथे मिस्त्रींनी समोरचे दोन तसे आवळले आणि मागचे दोन गाडी वर असतानाच आवळायला घेतले. मी विनंती केल्यावर त्यांनी ते सोडून पुन्हा नीट केले. राग न धरता त्यांनी ते केले, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

त्यांच्याच सल्ल्याने शॅकलचे आठ बुश बदलले, त्यांचे ६४० रुपये झाले. जुने बुश काढल्यावर मागच्या उजव्या बाजूला रबर उरलेच नव्हते, तिथे लोखंडावर लोखंड आपटत होते. मागून येणारा धाडधाड आवाज मी इतके दिवस शॉकअपचा समजत होतो, तो खरे तर या बुशचा होता. नुसते शॉकअप बदलून तो आवाज गेला नसता आणि मी निष्कारण नव्या शॉकअपला दोष दिला असता. शॉकअप ४,५००, बुश ६४०, नट-वॉशर आणि कापलेल्या बोल्टच्या जागी नवा बोल्ट १२०, मजुरी ८०० असा एकूण खर्च ६,०६० रुपये झाला. कामाला साडेतीन तास लागले.

गॅरेजच्या कामात एक चूक राहून गेली. पाट्यांना एक्सलशी बांधणारे यू-बोल्ट त्यांनी तपासले नाहीत. पाचशे किलोमीटरनंतर मी शॉकअपचे नट पुन्हा पाहायला गाडी दुसरीकडे नेली, तेव्हा मागच्या डाव्या बाजूचा यू-बोल्ट अर्धा वेढा सैल निघाला. तो सैल राहिला असता तर पाट्याचा सेंटर बोल्ट तुटून एक्सल सरकण्याचा धोका होता. म्हणून हे काम करून घेताना यू-बोल्ट पाहायला आपणच सांगावे.

पहिला फरक त्याच संध्याकाळी जाणवला. मळ्याच्या रस्त्यावर कालव्याच्या कडेला सलग चार खड्डे आहेत, तिथे पूर्वी पहिल्या खड्ड्यातली उडी संपण्याआधी दुसरा खड्डा येत असे आणि गाडी झुलत झुलत पुढे जात असे. आता प्रत्येक खड्डा स्वतंत्र जाणवतो. चाक खाली जाते, वर येते आणि तिथेच थांबते. स्टिअरिंगला बसणारे हिसके निम्म्याहून कमी झाले. पुणे-नाशिक महामार्गावर भरलेल्या गाडीने ब्रेक दाबल्यावर नाक खाली जाऊन पुन्हा वर उसळत असे, तेही थांबले. याची सवय इतक्या हळूहळू लागलेली असते की आपण धोक्यात चालवत होतो, हे बदलल्यानंतरच कळते.

मालाच्या बाबतीत सांगायचे तर, पहिल्या आठवड्यापासून निवडावे लागणारे क्रेट चार-पाचांवरून एकावर आले आणि बऱ्याच दिवशी एकही नव्हता. यात आम्ही केलेला दुसरा बदलही धरला पाहिजे. मागच्या टोकाचा वरचा थर काढून तिथे आम्ही रिकामे क्रेट ठेवू लागलो. एका क्रेटमध्ये २० किलो टोमॅटो, असे ३५ क्रेट म्हणजे ७०० किलो होतात, आणि क्रेटचे स्वतःचे वजन धरले की या गाडीची ७५० किलोची मर्यादा तिथेच गाठली जाते. पूर्वी मोसमात आम्ही ५० क्रेटही भरले आहेत. मुळात शॉकअप मरण्याचे ते एक मोठे कारण होते, हे मान्य करायला हवे. कारण जास्त वजनाने पाटा सतत शेवटपर्यंत दबतो, शॉकअपचा रॉड तळाशी आपटतो आणि आतल्या झडपा त्या धक्क्याने मोडतात.

रिकाम्या गाडीचा कडकपणा मात्र तसाच आहे. तो पाट्यांचा आहे आणि मालवाहू गाडीत तो राहणारच, त्यामुळे मोटारगाडीसारखा आराम मिळेल या अपेक्षेने कुणी हा खर्च करू नये. टायरमध्ये गरजेपेक्षा जास्त हवा भरली तर नव्या शॉकअपनेही क्रेट उडतात, हे मी एकदा अनुभवले आणि तेव्हापासून हवा मोजूनच भरतो.

दिवाळीच्या आधी, १९,००० किलोमीटरवर, मी चारही शॉकअप पुन्हा तपासले. चारही हाताला सारखे कोमट लागले. कुठेही तेल ओघळलेले नाही, फक्त समोरच्या उजव्याच्या सीलजवळ धूळ चिकटेल इतका ओलावा दिसतो आहे. बुश शाबूत आहेत. समोरचे दोन टायर मी ऑगस्ट २०२४ मध्ये नवे घातले होते, त्यांची झीज आतापर्यंत दोन्ही बाजूंना सारखी आहे. समोरच्या उजव्याजवळचा तो ओलावा वाढतो का, हे पाहण्यासाठी मी शॉकअप पुसून त्यावर खडूची रेघ मारून ठेवली आहे आणि कांद्याची वाहतूक सुरू होण्याआधी तो पुन्हा पाहणार आहे. गळू लागलाच तर समोरची जोडीच बदलीन, कारण एका एक्सलवर एक नवा आणि एक जुना शॉकअप असला की भरलेली गाडी ब्रेक दाबताना एका बाजूला ओढते.